आधी विश्वास, मग उपचार



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झालंय, कुणी फिजिओथेरपिस्ट, कुणी नर्स. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि पेन क्लिनिकमध्ये काम करते. वर्षानुवर्षं कंबर, मान, सांधे, डोकं दुखणारी माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या हातात एक्स-रे, एमआरआय आणि चिठ्ठ्यांनी फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी असते. खुर्चीत बसता बसता त्यांतले बरेच जण एकच वाक्य बोलतात : "मॅडम, मला वेड लागलेलं नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडी येतं, कारण माझ्या आधी कुणीतरी त्यांना म्हटलेलं असतं, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काहीही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका. एकदा सायकॉलॉजिस्टला दाखवून घ्या." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, सल्लाही बरोबर असतो. पण पेशंटच्या कानात शिरतं ते एवढंच, की मी सोंग करतोय असं डॉक्टरांना वाटतं. मग माझे पहिले दोन-तीन तास हा घाव भरण्यातच जातात. कितीतरी जण माझ्यापर्यंत येतच नाहीत. ते दुसरा डॉक्टर गाठतात आणि नवा एमआरआय काढतात.

म्हणून आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते तुम्ही पेशंटला आमच्याकडे पाठवता, ओपीडीतल्या त्या दोन मिनिटांबद्दल.

दुखणं शरीराचं की मनाचं, हा प्रश्न शास्त्राने केव्हाच मागे टाकला आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडलं, की जखमेकडून येणारे संदेश मज्जारज्जूत कमीजास्त होऊ शकतात आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही त्यावर परिणाम करतात. भीती, लक्ष, झोप, जुने अनुभव या सगळ्यांना त्यात वाटा मिळाला. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1979 मध्ये वेदनेची व्याख्या केली, तेव्हा वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून एक अनुभव मानला. 2020 मध्ये ती व्याख्या सुधारताना, दुखतंय असं माणूस सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असंही सोबत नमूद केलं. दुखणं तीन महिन्यांहून जास्त टिकलं की पुष्कळदा मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते. एकदा चोरी झालेल्या वाड्यातलं कुत्रं पुढे घरच्यांच्या पावलांवरही भुंकतं, तसं काहीसं होतं. एमआरआयमध्ये हे दिसत नाही. माणसाला मात्र ते दिवसरात्र जाणवतं.

मग सायकोथेरपीत आम्ही करतो तरी काय? ओळख पटू नये इतके तपशील बदलून एका एसटी ड्रायव्हरची गोष्ट सांगते. कंबरदुखी जुनी. रिपोर्टवर "डिस्क बल्ज" असं लिहिलेलं. ते दोन शब्द त्यांनी इतके मनावर घेतले होते, की वाकलो तर मणका सरकेल आणि आपण कायमचे अंथरुणाला खिळू, अशी त्यांची खात्रीच झाली होती. पंगतीला बसणं सुटलं. बादली बायकोने उचलायची. एखाद्या दिवशी बरं वाटलं की साचलेली सगळी कामं एकदम उरकायची आणि पुढचे तीन दिवस आडवं पडायचं. मग पुन्हा भीती.

आम्ही एक साधी वही केली. किती वेळ बसलं की दुखणं वाढतं, ते त्यात टिपलं आणि त्याच्या थोडं आधीच, घड्याळ बघून, उठायचं ठरवलं. दुखत असो वा नसो, वेळ तीच. चांगल्या दिवशीही जास्त नाही, वाईट दिवशीही शून्य नाही. एक दिवस फिजिओथेरपिस्टना सोबत घेऊन त्यांना जमिनीवरची चप्पल उचलायला सांगितली. आधी विचारलं, "काय होईल असं वाटतंय?" ते म्हणाले, "सरकणार." कपाळावर घाम होता. ते वाकले, चप्पल उचलली, उभे राहिले आणि बराच वेळ तसेच थांबले. मग म्हणाले, "दुखलं. पण सरकलं नाही."

त्या दिवशी त्यांची वेदना गेली नाही. पण तिच्याभोवतीचं भय सैल झालं. तिथून पुढे ज्या गोष्टी आल्या त्या चप्पल उचलण्यापेक्षा अवघड होत्या. स्टिअरिंग सुटलं आणि डेपोत टेबलावर बसावं लागलं, याचं दुःख होतं. चारचौघांत "धडधाकट दिसतोस की" हे ऐकून घेण्याचा संताप होता. कर्त्या पुरुषाने घरी पडून राहायचं, याची लाज होती. आम्ही त्यांच्या पत्नीलाही बोलावलं. त्या मायेने दर तासाला विचारायच्या, "दुखतंय का?" त्याऐवजी "जरा चौकापर्यंत जाऊन येऊ या का?" असं विचारायचं ठरलं. विल्बर्ट फोर्डाइस यांनी 1976 च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं होतं : आजूबाजूची माणसं दुखण्याला कसा प्रतिसाद देतात, त्यावर दुखणाऱ्या माणसाचं वागणं घडत जातं.

सायकोथेरपीच्या या विद्येचा एक धागा आपल्या नाशिक जिल्ह्यातूनही जातो. रंगूनमधले व्यापारी सत्यनारायण गोयंका तीव्र मायग्रेनने हैराण होऊन 1955 मध्ये विपश्यना शिकवणारे गुरू ऊ बा खिन यांच्याकडे गेले. निव्वळ डोकेदुखीसाठी ही साधना शिकवायला गुरूंनी आधी नकार दिला होता. पुढे 1976 मध्ये गोयंकांनी इगतपुरीला विपश्यनेचं केंद्र उभं केलं. ऊ बा खिन यांच्या त्याच परंपरेतली, अंगभर लक्ष फिरवण्याची रीत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या रुग्णालयात जुनाट दुखण्याच्या पेशंटना शिकवायला सुरुवात केली. मात्र विपश्यनेच्या शिबिराला जाणं म्हणजे सायकोथेरपी नव्हे. पेशंटला "विपश्यना करा" एवढं सांगून मोकळं होऊ नका.

दुखण्याप्रमाणे दीर्घ आजारातही मनाचा वाटा असतोच. विवेकनिष्ठ मानसोपचार मांडणारे अल्बर्ट एलिस स्वतः चाळिशीपासून मधुमेही होते. त्यांचा विचार कि. मो. फडके आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मराठीत घरोघरी पोचवला. रोजची सुई, रोजचं पथ्य, आयुष्यभराची गोळी यांचा वीट येतो तेव्हा "हे मला सोसणारच नाही" आणि "हे मला नकोसं आहे, पण मी निभावतो आहे" या दोन विचारांतल्या अंतरावर औषध वेळेवर घेतलं जाणं अवलंबून असतं.

सायकोथेरपीचा उपयोग किती, तेही मोजूनमापून सांगते. 2020 मध्ये कॉक्रेन या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने जुनाट दुखण्यावरच्या मानसोपचारांच्या 75 चाचण्यांचा आणि 9,401 सहभागींचा आढावा घेतला. त्यांतल्या कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीने वेदना, अडलेली कामं आणि मनाचा त्रास या तिन्हींत फायदा होतो, पण सरासरीने तो लहान असतो. म्हणून चमत्काराचं वचन कुणाला देऊ नका. आणि पेशंटला आमच्याकडे पाठवलं म्हणून तुमचा तपास थांबवू नका. लघवीवरचा ताबा सुटणं, पायातली ताकद जाणं, विनाकारण वजन उतरणं हे आधी तुम्हीच पाहायचं आहे. "पाळीत दुखतंच" असं ऐकत आलेल्या कितीतरी मुलींचं एंडोमेट्रिओसिसचं निदान वर्षानुवर्षं रखडतं. तिथे सायकोथेरपीचा सल्ला हा टाळाटाळीचा बहाणा ठरला, तर तो अन्याय आहे.

तुमच्यापैकी अनेक जण ग्रामीण रुग्णालयांत जातील. जवळपास सायकॉलॉजिस्ट नसेल. तिथे घड्याळ लावून काम आणि विश्रांती आखून देणं फिजिओथेरपिस्टला जमतं, झोपेची घडी बसवून देणं नर्सला जमतं. मनाचा त्रास वाढलेल्या पेशंटला टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक लिहून द्या. तिथे मराठीत बोलता येतं.

आणि पेशंटला पाठवताना असं म्हणा : "तुमचं दुखणं खरं आहे. ते इतकं जुनं झालंय की आता नसाही हळव्या झाल्यात आणि झोप, कामधंदा, घरही त्यात ओढलं गेलंय. त्यासाठी आमच्या टीममधल्या सायकॉलॉजिस्टना भेटा. माझे उपचार चालूच राहतील. पुढच्या महिन्यात मलाही दाखवायला या." मग केसपेपरवर तारीख घाला, आणि त्या दिवशी पेशंट आला की चौकशीची सुरुवात "आता किती दुखतंय?" याऐवजी "या महिन्यात काय काय करता आलं?" अशी करा.