स्वतःची वही

(वसतिगृहातील अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांपुढे झालेले भाषण. वक्ते याच वसतिगृहाचे माजी विद्यार्थी असून सध्या हिशेबनीस आहेत.)



जमा, नावे, खतावणी, ताळेबंद हे शब्द पाठ करून तुम्ही कंटाळला असाल. मीही कंटाळलो होतो. म्हणून आधी घरची गोष्ट सांगतो.

मी सातवीत असताना आई आजारी पडली. वडिलांनी गावातल्या एका दुकानदाराकडून ४,००० रुपये घेतले, महिना शेकडा पाच दराने. पाच हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण ४,००० वर महिन्याला २०० म्हणजे वर्षाला २,४०० झाले. बँकेच्या भाषेत हा ६० टक्के दर! दर महिन्याचा की वर्षाचा, हे पहिल्यांदा विचारायचे असते. वडिलांनी विचारले नाही, आणि कोऱ्या कागदावर अंगठा दिला.

पुढे दोन वर्षे मोहाची फुले, एक बोकड, मजुरीचे दिवस असे काय काय त्या दुकानात गेले. तरी त्याने वही उघडली तेव्हा ७,००० बाकी निघाली. वही त्याच्याकडेच होती. आमच्याकडे फक्त वडिलांचे तोंडी सांगणे. बैलजोडी विकावी लागली.

महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही आणि फेडलेल्या पैशाची पावती द्यावी लागते. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला विकता येत नाही. तुमच्यातले बरेच जण अजून अठराचे नाहीत. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञानाला करार करता येत नाही. तेव्हा कोणी सही मागितली तर वय सांगा. आणि अठरा पूर्ण झाली तरी कोऱ्या कागदावर सही नाहीच. कागद वाचून घ्या, एक प्रत मागा.

आता दुसरा हिशेब. समजा, तुमच्या आईने १,५०० रुपयांचा माल घेतला, बसभाडे ६० दिले आणि आठवडे बाजारात सगळा माल १,९०० ला विकला. नफा किती? ३४०. बरोबर. पण त्यातले ६०० उधारीवर गेले असतील तर हातात १,३०० च आले. घरातून १,५६० गेले होते. नफा झाला तरी पिशवीत २६० कमी! पुढच्या बाजारी तेवढाच माल कशाने आणायचा? चालती दुकाने इथेच बसतात, आणि दोष मात्र नशिबाला दिला जातो. नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून रोजमेळ वेगळा लिहायचा आणि उधारी नावानिशी वेगळ्या पानावर. परीक्षेत तुम्ही ज्याला ऋणको म्हणता, तो म्हणजे आईकडून उधार मीठ-मिरची नेणारी शेजारीण.

वह्या आज तुम्हाला मिळाल्या आहेत. सुट्टीत घरी गेल्यावर आईला किंवा वडिलांना विचारून एका महिन्याचे देणे-घेणे लिहा. तारीख, नाव, रक्कम, कशासाठी, एवढेच. त्यांना लिहिता येत नसेल तर रोज संध्याकाळी तुम्ही वाचून दाखवा. चुकले तर खोडरबर वापरू नका, एक रेघ मारून बाजूला लिहा. हिशेबात खाडाखोड दिसलेली बरी.

दिवाळीनंतर मी पुन्हा येणार आहे. तेव्हा प्रत्येकाची वही पाहीन, आणि माझीही दाखवीन.