भिंतीवरचे औषध

डास चावतो आणि कोठेतरी दूर उडून जातो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तो फार लांब जात नाही. रक्त पिऊन जड झालेली ॲनाफिलीस जातीची मादी बहुधा जवळच्याच भिंतीवर विसावते. हिवतापाविरुद्धची आपल्या देशातली मोठी मोहीम तिच्या या विसाव्याच्या घटकेवर उभारलेली होती.

डी.डी.टी. हे रसायन १८७४ साली प्रथम तयार झाले. ते कीटकनाशक आहे हे मात्र पाउल म्यूलर यांना १९३९ साली उमगले आणि त्याबद्दल १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी पायरेथ्रमचा फवारा मारीत; डास मरत, पण त्याचा प्रभाव लवकरच ओसरे. नव्या औषधाचा गुण असा, की पाणी वाळून गेले तरी त्याचे सूक्ष्म कण भिंतीवर महिनोन्महिने टिकत. डासाच्या मागे धावायचे नाही. तो जेथे बसणार तेथे औषध आधीच नेऊन ठेवायचे! १९४० नंतरच्या दशकात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी मुंबई इलाख्याच्या धारवाड व उत्तर कानडा जिल्ह्यांत हाच प्रयोग यशस्वी करून दाखविला. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यापूर्वी वर्षाकाठी साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लक्ष मृत्यू असा अंदाज होता. १९६५ साली रुग्णांची नोंद सुमारे एक लक्षावर आली. पण १९७६ साली तीच पुन्हा चौसष्ट लक्षांवर गेली.

डास औषधाला सरावले, हे एक कारण. दुसरे आपल्या घरातलेच होते. फवारणी करणारा मनुष्य गेला, की सण जवळ आला म्हणून भिंती सारवायच्या. म्हणजे औषध शेणमातीखाली गाडले गेले. देवघरात त्याला मज्जाव, स्वयंपाकघरातही मज्जाव. गोठ्याकडे तर कोणाचे लक्षच नसे, आणि गावोगावी हिवताप पसरविणारा डास गोठ्यातच आवडीने वस्ती करतो. आरंभी ढेकूणही मरत, तेव्हा फवारणीवाल्यांचे स्वागत होई; ढेकूण दाद देईनासे झाले, तशी दारे लागू लागली. रोग हटविण्यापेक्षा ढेकूण मारणे लोकांना अधिक जवळचे वाटावे, यात नवल ते काय?

शेतीसाठी डी.डी.टी.वर १९८९ साली बंदी आली. आज घरगुती फवाऱ्यात बहुधा डेल्टामेथ्रिनसारखी द्रव्ये असतात. तत्त्व मात्र तेच. म्हणून हवेत धूर उडविण्यात अर्थ नाही. झुरळांसाठी ओट्याखालच्या फटी, मोरीची कड, कपाटाची पाठ येथे फवारावे. रोज पुसल्या जाणाऱ्या फरशीवरचे औषध दुसऱ्या दिवशी बादलीत गेलेले असते. घराबाहेर ऊन आणि पाऊस ते लवकर निकामी करतात. तेव्हा पागोळीच्या आतली बाजू व खिडक्यांच्या चौकटी एवढेच पुरे. फुललेल्या झाडांवर किंवा तळ्याकाठी मुळीच नको. मधमाश्या आणि मासे त्याने मरतात.

डेंग्यूच्या डासाची गोष्ट निराळी. तो टांगलेल्या कपड्यांवर, पलंगाखाली, अंधारात बसतो. तेथे भिंत फवारून फारसा उपयोग नाही. आठवड्यातून एकदा पिंपे व फुलदाण्या रित्या करून घासून काढाव्यात.

घरात मांजर असेल तर डब्यावरचे नाव अवश्य वाचावे. परमेथ्रिन हे द्रव्य मांजराच्या शरीराला नीट पचविता येत नाही व ते त्याला विषारी ठरते. फवारलेली जागा पुरती वाळेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत कोंडावे, आणि लहान मुलांनाही तिकडे फिरकू देऊ नये.