कुत्र्याला काम द्या

वऱ्हाडात शेताच्या जागलीला कुत्रं नाही, असा शेतकरी विरळाच. रात्री ते धुऱ्याधुऱ्यानं फिरतं, रानडुकरांवर भुंकतं, सकाळी बंडीमागे गावापर्यंत पळत येतं. त्याच्या व्यायामाची चिंता कुणाला करावी लागत नाही. पण तेच कुत्रं अमरावतीला किंवा अकोल्याला नोकरदाराच्या अंगणात आलं, की गळ्यात साखळी पडते आणि त्याचे हाल सुरू होतात.

माझ्याच घरचं सांगतो. अकोटकडच्या शेतातला मोत्या आम्ही शहरात आणला. दोन वेळ दूधभाकर होती, पण काम नव्हतं. पंधरवड्यात तो रात्रभर भुंकू लागला, चपला फाडू लागला, जागच्या जागी गोल फिरू लागला. 'हे पिसाळलं, सोडून द्या,' असं शेजारी म्हणाले. पशुवैद्याने तपासलं, तर रोग काहीच नव्हता. 'दिवसभर तो करतो काय?' एवढंच त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी पाळल्या.

पहिली, फिरणं. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. मात्र आपला उन्हाळा विसरू नका. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ काढून धापा टाकणं, हीच त्याची अंग निववण्याची मुख्य रीत. म्हणून त्या दिवसांत पहाटे किंवा रात्री जमीन निवल्यावरच त्याला न्यावं. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून पाहा. सात आकडे मोजेपर्यंत ती ठेवता आली नाही, तर त्याचे पंजेही भाजतील हे समजा. परतल्यावर सावली आणि भरपूर पाणी द्या.

दुसरी, नाकाला काम. भाकरी आयती वाढू नका. तिचे तुकडे पोत्याच्या घडीत, टोपल्याखाली लपवा आणि त्याला शोधू द्या. वाटेत तो हुंगत थांबला तर साखळी ओढू नका. पारावर बसून आपण गावची खबर घेतो, तशी तो नाकानं घेतो.

तिसरी, शिकवण. 'बस', 'थांब', 'आण' असे थोडे शब्द, रोज दहा मिनिटं. घरातल्या सर्वांनी तोच शब्द वापरावा. जमलं की शाबासकी द्यावी, छडी नको.

शिक्षकांनी मुलांना आणखी एक सांगावं. कुत्र्याला रेबीजची लस वेळच्या वेळी टोचावी. कुत्रं चावलंच, तर जखम पंधरा मिनिटं साबणानं, वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि ताबडतोब दवाखाना गाठावा.

मोत्या आता रात्री शांत झोपतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवमहाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण मुलांना हौसेनं सांगतो. आपण निदान रोज तासभर आपल्या कुत्र्याबरोबर चालावं, एवढंच माझं मागणं आहे.