नुसतं दहावी
(गुणगौरव समारंभात एका सभासदाने केलेलं भाषण)



मघाशी दहावीच्या मुलांचा सत्कार झाला, त्यात माझी भाचीही होती. बाकीच्या मुलांच्या नावापुढे आता ती काय शिकतात तेही वाचलं गेलं. तिच्या नावापुढे नुसतं "दहावी, 84 टक्के". तिने जूनमध्ये इलेक्ट्रिकल डिप्लोमाला प्रवेश घेतलाय. पण "तेवढं वाचू नका" असं माझ्या ताईनेच निवेदकांना सांगून ठेवलं होतं. ताई, रागावू नकोस. आज बोलतोच.

मी स्वतः 1999 चा सिव्हिल डिप्लोमावाला. राज्य सरकारच्या नोकरीत आहे, घर बांधलं, आई-वडिलांची आजारपणं काढली. तरी लग्नाच्या बोलण्यांत "मुलगा इंजिनिअर आहे" एवढंच सांगायचे आमचे काका, आणि मी खाली बघायचो.

आणि हे कुठे? बडोद्यात! 1890 साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं ते पदव्या वाटायला नव्हे. गज्जर प्राचार्य होते. रंगाई, रसायन, यंत्रकाम शिकवून पोरगा कामाला लागावा, तोही मातृभाषेत शिकून, हा त्यांचा ध्यास. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. याच गज्जरांनी कोटीभास्कर आणि अमीन यांच्याबरोबर 1907 मध्ये अलेंबिक उभी केली. 1949 नंतर कलाभवन विद्यापीठात गेलं, आणि आपल्या डोक्यात पदवी बसली ती बसलीच.

आजचा हिशेब सांगतो. रेल्वेत ज्युनिअर इंजिनिअरला तीन वर्षांचा डिप्लोमा चालतो. सुरुवातीचं मूळ वेतन 35,400, वर महागाई आणि घरभाडं. सहायक लोको पायलटला दहावी आणि आयटीआय पुरतं. परीक्षा कठीण असते, जागेच्या कितीतरी पट अर्ज येतात, हेही खरं. पण नुसता बी.ए., बी.कॉम. झालेला मुलगा या दोन्ही परीक्षांना बसूच शकत नाही.

आता दुसरी बाजू. लपवण्यात अर्थ नाही. काही वर्षांपूर्वी एका वरच्या पदाची जाहिरात आली. तेच काम मी रोज करत होतो, अठरा वर्षांचा अनुभव होता. अर्ज छाननीतच बाद झाला, कारण पदवी नाही. त्या रात्री जेवलो नाही. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीत जाता येत होतं, पण नोकरी लागली आणि मी "नंतर करू" म्हणालो. ते नंतर आलंच नाही. म्हणून भाचीला सांगितलंय, तीन वर्षं झाली की ते दार ठोठावायचं, मग नोकरी लागलेली असो वा नसो.

अध्यक्ष महोदय, एक विनंती. गुणगौरवाच्या फॉर्मवर दहावी, बारावी आणि पदवी एवढेच रकाने आहेत. पुढच्या वर्षी आयटीआय आणि डिप्लोमा हेही घाला. फॉर्मच्या छपाईचा खर्च माझ्याकडून. आपल्या वाडीत, दांडिया बाजारात अशी मुलं आहेत. ती इथे मांडव घालायला येतात, सत्काराला येत नाहीत.

ताई, वर्कशॉपमध्ये लोखंड कानशीने घासून तिच्या तळहाताला फोड आलाय. मला मोठ्या कौतुकाने दाखवत होती. तुला दाखवला का?