पाटी वाचा



कामानिमित्त ऑस्ट्रेलियात केर्न्सला गेले होते, सोबत दहा वर्षांचा लेक. डिसेंबरचा उकाडा, समोर शांत समुद्र. मी कोकणातली, मला समुद्र काय नवा! लेकाला पाण्यात सोडणार, तोच तिथल्या एका आजींनी थांबवून पाटी दाखवली. नोव्हेंबर ते मे तिथे बॉक्स जेलीफिशचा धोका. पारदर्शक असल्यानं पाण्यात दिसत नाही, पण दंशानं काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. दंशावर ओतायला व्हिनेगरची बाटलीही तिथेच ठेवलेली. माझे पाय लटपटले. मग आम्ही जाळं लावलेल्या भागातच पोहलो.

शाळेत असताना परगावच्या पाहुण्यांना आपणच बजावायचो, "भरतीला तिकडे जाऊ नका." परमुलखात आपणही पाहुणेच. आधी पाटी वाचा, गावकऱ्यांना विचारा.