समुद्राच्या नोंदी

(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मी समाजकार्य शिकले, विज्ञान नाही. तरी आज समुद्रातल्या शेवाळाबद्दल बोलणार आहे. कारण त्यात आपलाच जुना प्रश्न आहे : बाईचं कोणतं काम 'काम' म्हणून मोजायचं?

इंग्लंडमधल्या ॲना ॲटकिन्स यांनी 1843 मध्ये एक पुस्तक करायला घेतलं. समुद्रातलं शेवाळ वाळवायचं, रसायन लावलेल्या कागदावर ठेवायचं आणि उन्हात धरायचं. कागद पाण्यात धुतला की गडद निळ्यावर शेवाळाची पांढरी आकृती उमटे. 10 वर्षं हे काम चाललं. छायाचित्रं असलेलं हे जगातलं पहिलं पुस्तक मानलं जातं. प्रस्तावनेखाली त्यांनी फक्त 'ए. ए.' लिहिलं. पुढे एका संग्राहकाने त्याचा अर्थ लावला, 'अनॉनिमस ॲमॅच्युअर', म्हणजे कुणी निनावी हौशी!

शेवाळ कागदावर दाबून ठेवणं हा तेव्हा बायकांचा फावल्या वेळचा छंद समजला जाई. आज समुद्र तापतो आहे. पूर्वी तो कसा होता, हे शोधताना शास्त्रज्ञ जुन्या संग्रहांतली वाळलेली शेवाळं तपासताहेत. अमेरिकेतल्या मॉन्टेरे उपसागराचा असा एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. छंद म्हणून जपलेली पानं आता पुरावा ठरताहेत.

आणि आपल्याकडे? तामिळनाडूत मन्नारच्या आखातात बायका बुड्या मारून शेवाळ काढतात. बचत गटांतून शेवाळाची शेतीही करतात. या शेतीतून 2001 मध्ये 21 टन वाळलेलं शेवाळ निघालं, 2013 मध्ये 1490 टन. त्यानंतर पाणी तापलं, रोपं मेली, उत्पन्न कोसळलं. असा बदल सर्वांत आधी कुणाला कळतो? रोज पाण्यात उतरणारीला. पण तिला विचारतं कोण?

इथे मला माझीच चूक आठवते. रत्नागिरीकडे एका पाहणीत, खाडीत कालवं काढणाऱ्या एका बाईच्या नावापुढे मी 'घरकाम' लिहिलं होतं. तिने विचारलं, "मग चिखलात उभी असते ती कोण गो?"

तो रकाना मी दुरुस्त केला. पण आपल्या कागदांत अशा किती 'ए. ए.' राहून गेल्या असतील! म्हणून पुढच्या पाहणीत एक प्रश्न वाढवूया : तुमच्या आठवणीत समुद्र कसा बदलला? आणि तिची हरकत नसेल, तर उत्तराखाली तिचं पूर्ण नाव लिहूया.