गोळीला वंगण कधी लावायचं? (भागाचं लिखित रूप)

आजचा विषय जरा वेगळा आहे. अमेरिकेत बरेच जण बंदुकीच्या गोळ्या घरी ओततात. माझा शेजारी, एक निवृत्त मशिनिस्ट, त्यातलाच. आधीच सांगतो, भारतात शस्त्र कायदा 1959 प्रमाणे परवान्याशिवाय हे करता येत नाही. मी इथे एच-वन-बी व्हिसावर आहे, त्यामुळे मलाही साधारणपणे बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. म्हणून आमची वाटणी अशी: हात काकांचे, स्प्रेडशीट माझं. आणि चूक माझ्या स्प्रेडशीटनेच केली.

मुळात वंगण लागतंच कशाला? शाळेत आपण 1857 ची चरबी लावलेली काडतुसं पाठ केली, पण चरबी कशासाठी होती हे कुणी विचारलं नाही. एनफिल्ड रायफल तोंडाकडून भरायची. गोळी नळीत सहज उतरावी आणि दारूची काजळी मऊ राहावी म्हणून ती चरबी. आज काम थोडं वेगळं आहे. वंगण नसेल तर शिसं नळीला चिकटतं. म्हणून गोळीवरच्या खाचांत मधमाशांचं मेण आणि अ‍ॅलॉक्स यांचं मिश्रण भरतात.

दुसरी गोष्ट साइझिंग. काकांची रायफल थर्टी-थर्टी. नळीच्या खाचांचा व्यास 0.308 इंच, गोळी हवी 0.309. म्हणजे एक हजारांश इंच जास्त, तरच मागचा गॅस कडेने निसटत नाही. साच्यातून गोळी थोडी जाड निघते, ती डायमधून दाबून मापात आणायची.

आता चूक. काका संध्याकाळी गोळ्या ओतायचे आणि त्याच रात्री साइझ करायचे. मी म्हटलं, "काका, रोज कशाला? साठवा, महिन्यातून एकदा बॅच लावू." वेळ वाचणार होता ना! तीन आठवड्यांनी बसलो तर डायचा दांडा हलता हलेना. पुढे रेंजवर एरवी बशीएवढ्या जागेत बसणारे नेम ताटाएवढे पसरले. नळीत शिशाचे पापुद्रे! काका रागावले नाहीत, पण दोन संध्याकाळी नळी घासत बसले. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

कारण धातूत होतं. काका गाडीच्या चाकाची जुनी वजनं वितळवतात. त्यात शिशाबरोबर थोडं अँटिमनी असतं. लोहार विळ्याला पाणी देतो तशी गरम गोळी साच्यातून थेट पाण्यात टाकली, की ती पुढचे काही दिवस कडक होत जाते. कडक झाल्यावर दाबली, की नेमका नळीला घासणारा पृष्ठभाग पुन्हा मऊ पडतो. आधी दाबली, तर ती मापात आल्यावर कडक होते.

तर क्रम असा. पाणी दिलेली गोळी त्याच दिवशी साइझ करा. बुडाला तांब्याची टोपी, म्हणजे गॅस चेक लागत असेल तर तीही तेव्हाच बसते. वंगण त्याच झटक्यात भरलं तर उत्तम. हवेत गार केलेल्या गोळीला एवढी घाई नाही. पावडर कोटिंग करणार असाल तर उलटं: आधी कोटिंग, भट्टी, मग साइझिंग, कारण थराने जाडी वाढते. आणि साच्यातूनच नेमकं माप आलं तर साइझिंगची गरजच नाही.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. शिसं विषारी आहे. काकांची नात रांगते, म्हणून गॅरेजचे बूट घरात येत नाहीत, स्वयंपाकाचं भांडं तिथे जात नाही, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय कुणी तिला उचलत नाही. हे नियम बॅचमध्ये ढकलायचे नाहीत.

मी शिकलो ते एवढंच: जुना माणूस एखादं काम रोज का करतो, ते आधी विचारावं. ऑप्टिमायझेशन नंतर. भेटू पुढच्या भागात!